हात फिरवलेला नायक

मगदूम बाईंच्या हाताला यश आहे, असं शाळेत सगळेच म्हणायचे. असं खरं म्हणजे डॉक्टरबद्दल म्हणतात. पण शिरोली एमआयडीसीच्या अलीकडच्या त्या हायस्कुलात निबंधांचीच डॉक्टरकी चालायची, आणि राजमती मगदूम त्यातल्या सर्जन होत्या. निबंध स्पर्धेला पाठवायचा म्हणजे आधी बाईंनी त्यावरून हात फिरवायचा, हा तिथला रिवाज. मुलगा आपल्या कुवतीनं काहीतरी लिहून आणायचा, बाई लाल पेनानं त्याची चिरफाड करायच्या, आणि मग तोच मुलगा चांगल्या अक्षरात ते उतरवून काढायचा. निबंध मुलाचा, अक्षर मुलाचं, भाषा बाईंची.

रिवाज काही त्यांच्या एकट्या शाळेचा नव्हता. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा, हेच चालतं. परीक्षक तरी कोण असतात? दुसऱ्या शाळेतल्या बाई नाहीतर सर. त्यांना सगळं ठाऊक असतं. ते गुण देतात ते मुलाला नाहीच, पलीकडच्या शाळेतल्या बाईंना देतात. त्या हिशेबानं राजमतीबाई गेली कित्येक वर्षं जिल्ह्यात पहिल्या-दुसऱ्या येत होत्या. आपण काही वावगं करतो असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पोरांची फाटकी वाक्यं आपण शिवून देतो, एवढंच त्यांना वाटायचं.

यंदाचा विषय होता 'माझा नायक'. गठ्ठा आला तशा बाई चहाचा कप घेऊन बसल्या आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांना जांभई आली. नववी-दहावीच्या पोरांचे नायक सगळे एकाच गाइडमधून उठून आले होते. सीमेवरचे जवान एकाच वाक्यात हुतात्मा होत होते आणि शास्त्रज्ञ एकाच दिव्याखाली अभ्यास करत होते. एकानं पेठेतल्या फुटबॉल टीमचा गोलकीपर नायक केला होता, पण निम्मा निबंध समोरच्या पेठेला घातलेल्या शिव्यांचा निघाला. बाईंनी तो हसत हसत बाजूला ठेवला.

आणि मग वर्षाराणीचा कागद हाताला लागला.

वर्षाराणी दहावीतली, नदीकाठच्या गावातून बसनं येणारी, फार न बोलणारी पोर. बाप सयाजी फाउंड्रीत कामाला. तिनं बापावरच लिहिलं होतं. महापुरात शेजारच्या हंबीरकाकांची आई, धोंडुबाई, घराच्या माळ्यावर अडकली. सगळे म्हणाले, सयाजी, तू पट्टीचा पोहणारा, तू जा. पप्पांनी कमरेला दोरी बांधली, पाण्याकडं बघितलं, आणि दोरी सोडली. माझे पप्पा त्या दिवशी घाबरले, असं पोरीनं सरळ लिहिलं होतं. मग हंबीरकाकांनी स्वतः उडी मारली आणि आईला पाठीवर घेऊन आणलं. वाहत आलेला पत्रा लागून त्यांचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून ते पप्पांशी बोलत नाहीत. पण पप्पा रोज कामावरून येताना त्यांच्या म्हशींना वैरण घेऊन जातात. काका तोंड फिरवतात. पप्पा वैरण टाकतात आणि येतात. एकदा घाबरलेला माणूस रोज त्याच दारात जातो, म्हणून ते माझे नायक आहेत.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाईंना काही कळलंच नाही. त्यांना कळलं होतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चहा गार होऊ दिला. पण इतक्या वर्षांची सवय म्हणजे खुंटीला बांधलेलं जनावर, फिरून फिरून तिथंच येतं. परीक्षक काय म्हणतील? हा कसला नायक, जो पाण्याला भ्यायला? नायकानं उडी मारायला नको का? आणि मारली दुसऱ्यानंच, म्हणजे निबंधात नायक दोन झाले. अशानं निबंध फाटतो.

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. 'पप्पांनी दोरी सोडली' याच्यापुढं त्यांनी लिहिलं, 'आणि क्षणाचाही विलंब न लावता त्या रोरावत्या जलप्रलयात झेप घेतली.' हंबीरकाकांवर काट मारली. म्हातारीला पाठीवर आता सयाजीच घेऊन आला, पत्राही त्यालाच लागला. वैरणीचा मजकूर लांबला होता, तो काढून तिथं 'माणुसकीचा दीपस्तंभ' बसवला.

वर्षाराणीनं कागद घेऊन तिथंच उभ्यानं वाचला.

"बाई, पर पप्पांनी उडी न्हाई मारली."

"अगं, ही गोष्ट आहे. गोष्टीत एवढं चालतं," बाई म्हणाल्या. "तुझे पप्पा मोठेच दिसणार ना त्यात? आणि तिथं जिल्ह्याला कोण ओळखतंय त्यांना?"

पोरगी मान डोलावून गेली. बाईंचा शब्द ती मोडणार नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं तो निबंध सुरेख अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहून आणला.

निबंध जिल्ह्यात पहिला आला. शिक्षकदिनाला शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. मुख्याध्यापकांना असे प्रसंग फार प्रिय; त्यांनी मंडप सांगितला, पालकांना बोलावलं, आणि निबंध पोरीनं सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा असं परस्पर ठरवून टाकलं. ते ऐकून बाई जरा धास्तावल्या. पण शाल आणि गुलाबाचं फूल हातात पडलं तशी ती धास्ती विरघळली.

गावातली पोर पहिली आली म्हटल्यावर आख्खी गल्ली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली. सयाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. दाराजवळ, पाय लांब सोडून, हंबीरराव बसला होता. त्याचा मुलगा राजवीर वर्षाराणीच्याच वर्गात. बाईंनी हंबीररावाला कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तो कोण ते त्यांना कळायचं कारण नव्हतं.

वर्षाराणी माइकपुढं आली. तिनं आधी बापाकडं पाहिलं, मग दाराकडं, मग स्टेजवर बाईंकडं. थांबू का, असंच ती विचारत होती. बाईंनी ते ओळखलं आणि मान हलवली. वाच.

पोरीनं वाचलं. 'झेप घेतली' इथं हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पण गल्लीची माणसं बसली होती तिथून एकही हात हलला नाही. सयाजी हळूहळू खाली बघायला लागला. निबंध संपायच्या आतच हंबीरराव काठीवर जोर देऊन उभा राहिला. ओरडला नाही. घरातल्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं,

"सयाजी, ही उडी तू कवा मारलास रं?"

वर्षाराणीनं कागद खाली घेतला.

"मी खोटं लिवलो, काका," ती माइकमधूनच म्हणाली. "पप्पांना ठावं न्हवतं. माझंच चुकलं."

आता बाईंनी उठायचं होतं. माइक चार पावलांवर होता. 'तिनं नाही, मी लिहिलं,' एवढं एक वाक्य, त्याला ना अलंकार लागत होता ना म्हण. राजमतीबाईंनी शाल सावरली. समोर मुख्याध्यापक होते, जिल्ह्याचे पाहुणे होते, पंचवीस वर्षांचं नाव होतं. बाई बसून राहिल्या. मुख्याध्यापकांनी लगबगीनं 'कल्पनाशक्ती' या विषयावर दोन शब्द सांगितले आणि राष्ट्रगीत लावून टाकलं. सयाजी लेकीचा हात धरून बाहेर गेला. जाताना त्यानं कुणाकडंच पाहिलं नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर बाईंनी आरशात पाहिलं नाही. शरम माणसाला झोपू देत नाही म्हणतात, पण बाईंची शरम त्याहून वाईट होती. त्या झोपल्या, आणि उठल्या तेव्हा ती उशाशीच बसलेली होती. शाळेत त्या नेहमीसारख्या शिकवत होत्या. वर्षाराणी नेहमीसारखी दुसऱ्या बाकावर बसत होती. बाईंकडं बघताना तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

शाळेतली शिपाई चिमणाबाई त्याच गावची. तिनं न विचारताच सांगितलं, "हंबीररावानं गोठ्याला कुलूप घातलं की, बाई. इतकी वर्सं बोलत न्हवता, पर गोठ्याचं दार उघडं ठेवायचा, सयाजी येणार म्हणून. मागल्या पाडव्याला तर च्या पाजला म्हणं त्येला. आता म्हणतोय, माझी उडी बी चोरलास, आता वैरण बी नगं. गल्लीत पोरं सयाजीला बघून पवायचं हात करत्यात." आणि तिनं स्वतःच हात करून दाखवले. बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

ते जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दिवस होते. राजमतीबाईंच्या घरी ते कडक असत. त्या एकभुक्त राहायच्या आणि रोज सकाळी बस्तीत, म्हणजे मंदिरात, जाऊन यायच्या. पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस. त्या दिवशी बस्तीत सगळे एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा मागतात. राजमतीबाईंनी नणंदेची मागितली, शेजारणीची मागितली, जिच्याशी वर्षभरात बोलणंही झालं नव्हतं अशा चुलत जावेची मागितली. घरी येऊन, फुलांचं चित्र असलेला 'उत्तम क्षमा'चा मेसेज फोनमधल्या सगळ्यांना पाठवून दिला. त्या सगळ्यांत वर्षाराणीच्या आईचा नंबरही होता.

थोड्या वेळानं तिकडून उत्तर आलं. 'बाई, उत्तम क्षमा. माझ्यामुळे तुमच्या शाळेचं नाव खराब झालं. मला पण क्षमा करा. वर्षाराणी.'

बाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांचे यजमान गोमटेश पेपर वाचत होते. खतांचं दुकान चालवणारा सरळ माणूस. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"ज्याच्याशी भांडण न्हाई, त्याची क्षमा मागायला आपल्याला झकास जमतंय," ते पेपरामागून म्हणाले. "चल, गाडी काढतो."

सयाजीचं घर गल्लीच्या टोकाला. तो नुकताच कामावरून आला होता, हातावरची काजळी अजून निघालेली नव्हती. बाई दिसल्या तसं त्यानं पुढच्या सोप्यात सतरंजी टाकली, लेकीला पाणी आणायला सांगितलं. कोल्हापुरी माणूस भांडायचं असलं तरी आधी पाणी देतो. बाईंनी तांब्या हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. निबंध मी बदलला, हिनं नको म्हटलं होतं, तरी मी लिहायला लावलं. मला क्षमा करा.

सयाजी ऐकत होता. मग म्हणाला, "ठावं हाय मला. पयला लिवल्याला निबंध पोरीनं वाचून दाखवल्याला. पप्पा भ्याले, असं हुतं त्यात. मी म्हटलो, लिव्ह. खरं हाय ती लिव्ह."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं? भ्यालोच हुतो की." तो आपल्या हातांकडं बघत होता. "बाई, मी भ्यालो, आन् रोज त्येच्या दारात जातोय, येवढीच माझी सोताची गोष्ट हुती. तुमी तीबी खोडून टाकलासा."

शब्दांवर पोट असलेल्या बाई, पण त्या वेळी 'चुकले' या पलीकडं त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. सयाजी म्हणाला, "हितं माझ्या सोप्यात सांगून काय उपेग? भरल्या हॉलात वाचलंय ती. तितंच सांगा." दारापाशी वर्षाराणी उभी होती. बाईंनी तिच्यासमोर कबूल केलं की सांगेन.

आणि मग सांगितलं नाही. मुख्याध्यापकांकडं गेल्या, तर ते म्हणाले, "बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. बक्षीस परत गेलं तर पुढच्या वर्षी आपल्याला कोण उभं करील?" बाईंना हे उत्तर आवडलं नाही, पण त्यांनी ते धरून ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं न बुडण्यासाठी काठावर बसायला तीच काडी पुरली. आज सांगू, सोमवारी सांगू, असं करत सहामाही परीक्षा आली.

सहामाहीला निबंध होता 'माझी आदर्श व्यक्ती'. पेपर तपासताना वर्षाराणीचा पेपर आला. तिनं मगदूम बाईंवर लिहिलं होतं. 'ज्ञानाच्या या मंदिरात माणुसकीचा दीपस्तंभ म्हणजे आमच्या बाई. सत्याची कास त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता धरली.' आशय, भाषा, मांडणी, कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक वाक्य बाईंचंच होतं, त्यांच्याच लाल पेनातून पूर्वी कधीतरी निघालेलं. पोरीचं त्यात एकही नव्हतं. गुणांची जागा कोरी ठेवून बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं.

"हे तू मला टोमणे मारायला लिहिलंस?"

पोरगी खरोखरच घाबरली. "न्हाई बाई! तुमी शिकवलासा तसंच लिवलो की. मार्क पडत्यात म्हणून. चुकलं का?"

टोमणा असता तर बाईंनी तो गिळला असता. पण ती खरं बोलत होती. जी पोर बापाची भीती सरळ लिहून मोकळी झाली होती, तिला आता दीपस्तंभ लिहिता येत होता. हे आपण शिकवलं, हे राजमतीबाईंना आता कळलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा होती. हॉल तोच, माणसंही बरीचशी तीच. मागच्या रांगेत सयाजी होता, दाराशी हंबीरराव. मुख्याध्यापकांचं भाषण संपायची वाट न बघता राजमतीबाई उठल्या आणि माइकपाशी गेल्या.

"शिक्षकदिनाला इथं जो निबंध वाचला, तो वर्षाराणीनं लिहिलेला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी लिहिला. तिनं लिहिलं होतं की पप्पा घाबरले. ती उडी मी घातली. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. आणि इथं तिनं सगळा खोटेपणा स्वतःवर घेतला, तेव्हा मी त्या खुर्चीत गप्प बसले. सयाजीरावांनी कमरेची दोरी सोडली तशी मीही सोडली. फरक एवढाच की ते दुसऱ्या दिवसापासून रोज त्या दारात गेले. मी दोन महिने लपून बसले. वर्षाराणी, सयाजीराव, मला क्षमा करा. बक्षीस मी परत पाठवणार आहे."

टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगेतून, मग सगळीकडून. एक बाई डोळ्यांना पदर लावत होती. वाऱ्याची दिशा ओळखणाऱ्या मुख्याध्यापकांनी लगेच माइक घेतला. "याला म्हणतात धाडस! मगदूम बाईंनी आज मुलांपुढं आदर्श ठेवला!" टाळ्या आणखी वाढल्या. बाई दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होत्या, आणि लोकांना तो विनय वाटत होता. खरं सांगायचं तर, अगदी आत कुठंतरी, त्यांना जरासं बरंही वाटलं. सयाजीनं मागून हात जोडले. वर्षाराणी मान खाली घालून रडत होती.

सभा सुटली. बाई व्हरांड्यात आल्या तेव्हा खांबाला टेकून एक माणूस उभा होता, हातात काठी, एक पाय आखडलेला. एव्हाना बाई त्याला ओळखत होत्या. त्या थांबल्या.

"बाई, लई टाळ्या पडल्या," हंबीरराव म्हणाला.

"नको होत्या पडायला," बाई म्हणाल्या.

"त्या दिशी निबंधाला बी पडल्या. सयाजीच्या उडीला. आज तुमास्नी पडल्या." त्याच्या बोलण्यात चढ नव्हता की उतार नव्हता. "मी म्हातारीला पाठीवर घिऊन काठाला आलो, तवा एकानं बी वाजवली न्हवती. माझी काय तक्रार न्हाई. टाळीसाठी कोण पाण्यात पडतंय? आई हुती माझी."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"सयाजीची क्षमा मागितलासा, पोरीची मागितलासा. ब्येस झालं. गरीब माणूस हाय त्यो, उद्यापासनं गोठ्याचं दार उघडं ठेवतो मी. पर बाई, येवढ्या मोठ्या हॉलात आज बी येक गोष्ट तुमी सांगितला न्हाईसा. उडी कुणी मारली ती."

बाईंनी आपलंच भाषण आठवून पाहिलं. खरंच, त्या बोलल्या त्यात ते नाव नव्हतं. वर्षाराणीच्या कागदावर ते होतं, आईला पाठीवर घेऊन येणाऱ्या माणसाचं नाव, आणि नायक दोन होतात म्हणून त्यावर त्यांनी स्वतःच काट मारली होती. दोन महिने त्या शरमेनं जळत होत्या, पण या माणसाची क्षमा मागायची असते हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"हंबीरराव, थांबा जरा, मी आत्ता..."

"ऱ्हाऊ दे. धारंची येळ झाली," तो म्हणाला आणि काठी टेकत पायऱ्या उतरायला लागला. चार-पाच पावलं मागून सयाजी चालला होता. दोघं बोलत नव्हते.

राजमतीबाई घाईनं हॉलमध्ये परत गेल्या. माणसं पांगली होती, चिमणाबाई खुर्च्या एकात एक घालत होती, आणि माइकची वायर गुंडाळून झाली होती.